बरणीत भरलेलं चांगलं पाणी

आमचे पेशंट बरणीतून येतात. हे वाक्य मी पाहुण्यांसमोर म्हटलं की आई डोळे वटारायची, कारण पाहुण्याचा पोह्यांचा चमचा हवेतच थांबायचा. पण त्यात खोटं काही नाही. मी पॅथॉलॉजिस्ट आहे. उस्मानपुऱ्यात एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर माझी लॅब होती. तिथे शरीरातून कापून काढलेली गाठ यायची, माणूस यायचा नाही. गाठ कसली आहे, किती पसरली आहे, तिला कोणतं औषध लागू पडेल, हे सूक्ष्मदर्शकाखाली बघून मी लिहायचं आणि सर्जनने ते माणसाला सांगायचं, अशी वाटणी होती. मला ती फार सोयीची वाटायची. माझा स्वभाव तापट. समोरचा रडायला लागला की काय करावं ते मला सुचत नाही आणि मग मी उगीचच ओरडते. त्यापेक्षा बरणी बरी.

ही गोष्ट दुष्काळाच्या वर्षांतली. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं आणि ते चहूबाजूंनी फुगत चाललं होतं. मी राहायचे चिकलठाण्याच्या बाजूला, एका नव्या इमारतीत. तिच्या कमानीवर ‘चोवीस तास पाणी’ असा मोठा फलक होता. बिल्डर तो काढायला विसरला होता की त्याने मुद्दाम ठेवला होता, देव जाणे. त्याच फलकाखाली आम्ही सगळे टँकरची वाट बघत उभे असायचो. समोर नव्या इमारतीच्या स्लॅबवर पाइपने पाणी मारताना दिसलं की आमच्या मजल्यावरच्या बायका खिडकीतून शिव्या घालायच्या. मीही घातल्या आहेत, आणि त्याबद्दल मला आजही वाईट वाटत नाही.

पाणी वाचवायची सवय माणसांच्या हाडीमाशी खिळली होती. तांदूळ धुतलेलं पाणी कुंडीला, कपड्यांचं शेवटचं पाणी फरशीला, आणि पाहुण्याला पाणी द्यायचं तेही अर्धा पेला. लॅबमधल्या ताईंनी ही सवय कामावरही आणली. ताई म्हणजे माझी टेक्निशियन, वयाने माझ्याहून मोठ्या, हात अत्यंत कसबी. पण स्लाइड धुवायच्या म्हणजे मगभर पाणी घ्यायचं आणि त्यातच चार काचा बुचकळून काढायच्या. मी ओरडले की त्या म्हणायच्या, “मॅडम, घरी पोरांना तोंड धुवायला पाणी नाय, आन् मी हितं काचा धुवू व्हय?” तरी मी ओरडायचेच, कारण काच नीट धुतली नाही तर सगळीकडे तपकिरी रंग बसतो आणि नसलेली गोष्ट दिसायला लागते.

त्या तपकिरी रंगाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. प्रत्येक पेशीच्या अंगावर बाहेर डोकावणारी काही प्रथिनं असतात. त्यांना रिसेप्टर म्हणतात. बाहेरचा निरोप घेऊन आत पोचवणं हे त्यांचं काम. स्तनाच्या काही कर्करोगांत यातला एक रिसेप्टर वाजवीपेक्षा कितीतरी जास्त झालेला असतो आणि ‘वाढा, वाढा’ हा एकच निरोप सारखा आत जात राहतो. या रिसेप्टरला नेमकं धरणारी अँटीबॉडी औषध म्हणून देता येते. मात्र ज्या बाईच्या गाठीवर तो भरपूर आहे, तिलाच तिचा उपयोग. नसेल तर फायदा काही नाही, वर हृदयावर ताण यायची भीती. म्हणून आधी शोधायचं. शोधायला आम्ही दुसरी अँटीबॉडी वापरतो, रंग चढवणारी. रिसेप्टर असेल तिथे ती जाऊन चिकटते आणि पेशीभोवती तपकिरी कडं उमटतं. सगळा मामला ओळखीचा आहे, आणि ही ओळख पटते ती आकारावरून. प्रथिनाची घडी विस्कटली की अँटीबॉडी त्याच्या शेजारून सरळ निघून जाते.

ती घडी टिकावी म्हणून गाठ शरीरातून निघाल्याबरोबर फॉर्मॅलिनमध्ये टाकतात. घाण वास, डोळ्यांना झोंबणारा. ते प्रथिनांना जागच्या जागी बांधून टाकतं, आणि इतकं घट्ट बांधतं की रंगवायच्या वेळी ती बांधणी पुन्हा सैल करावी लागते. त्यासाठी आमच्याकडे साधा स्वयंपाकाचा कुकर होता. त्यात स्लाइड शिजायच्या. शिट्टी झाली की खालच्या मजल्यावरचे वकील जिन्यातून विचारायचे, “मॅडम, आज काय बेत?”

अशा त्या उन्हाळ्यात सोयगावच्या बाजूच्या एका खेड्यातून एक बरणी आली. बाई पंचेचाळिशीची. तिकडच्या एका लहान दवाखान्यात तिच्या छातीतली गाठ पूर्ण काढली होती आणि काखेतल्या काही ग्रंथी काढून वेगळ्या छोट्या बाटलीत घातल्या होत्या. बाई दवाखान्यातच, सोबतीला तिची बहीण. बरणी आणि बाटली घेऊन नवरा एसटीने निघाला. पोचेपर्यंत लॅब बंद झाली होती, म्हणून तो चिकलठाण्यात कारखान्यात कामाला असलेल्या पुतण्याकडे उतरला आणि सकाळी येऊन बरणी आणि बाटली ताईंच्या हातात देऊन गेला. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा माझ्यासमोर फक्त काच होती.

काच बघितली आणि माझं डोकं फिरलं. कर्करोग होता, त्यात शंका नव्हती. पण पेशी फुगलेल्या, कडा विरघळलेल्या. रिसेप्टरचा रंग कुठेच नाही. ‘निगेटिव्ह’ लिहून मोकळं होता आलं असतं, कुणी एका शब्दाने विचारलं नसतं. पण कापात गाठीशेजारच्या निरोगी दूधनलिकाही होत्या, आणि आम्ही सोबत वेगळ्या काचेवर हार्मोनचा रिसेप्टरही रंगवतो, त्याचा रंग अशा नलिकांवर थोडातरी चढतोच. इथे त्याही कोऱ्या होत्या. रंग नीट बसतो का हे बघायला शेजारी ठेवलेली, खात्रीच्या जुन्या गाठीची काच मात्र व्यवस्थित रंगलेली. म्हणजे दोष आमच्या रंगात नव्हता. ते मांसच मुकं झालं होतं.

मी ताईंना विचारलं, “ही बरणी उघडली तेव्हा काही वेगळं वाटलं होतं का?”

ताईंनी हात पुसले. मग म्हणाल्या, “झोंबलं नव्हतं मॅडम. डोळ्यांला झोंबलं नव्हतं. मला वाटलं, इतकी वर्षं झाली, आता डोळेच मेले असतील. मी आपलं नेमानं नवं फॉर्मॅलिन घातलं.”

बाईचा नवरा एक दिवसाआड यायचा आणि जिन्याच्या पायरीवर बसायचा. पन्नाशीचा, काटक, गळ्यात पंचा. ‘रिपोर्ट झाला का’ असं तो विचारायचा नाही, नुसता बसायचा. मी पेशंटच्या माणसांना भेटत नाही, हा माझा नियम. त्या दिवशी मी स्वतः दारात गेले आणि विचारलं, “बरणीतलं औषध सांडलं होतं का?”

“सांडलं नव्हतं मॅडम,” तो उठून उभा राहिला. “झाकणातून जरा पाझरत व्हतं. बसमधी लई घाण वास सुटला. लोकं वरडाया लागले, कंडक्टर म्हनला उतरा. सिल्लोडला गाडी थांबली तवा मी खाली उतरून ते पाणी वतून दिलं. आन् चांगलं पाणी भरलं.”

“कसलं चांगलं पाणी?”

“जारचं. थंडगार. हाटेलातून घेतलं इकत.” त्याच्या चेहऱ्यावर मला चक्क अभिमान दिसला. “आमच्याकडं बोरचं पाणी खारं हाये मॅडम. टँकरचं गढूळ. आमी बी जारचं पाणी पीत नाय. पर तिच्या अंगातलं हाये ते, त्याला कशाला घाण पाण्यात ठिवायचं?”

मी ओरडले. ‘कुणी सांगितलं होतं तुम्हाला? घाण वास येतो म्हणजे काय ते टाकायचं असतं का?’ असं बरंच काही. जिन्यात आवाज घुमला. वकिलांच्या ऑफिसचं दार किलकिलं झालं. तो खाली मान घालून ऐकत राहिला. माझं बोलणं संपल्यावर त्याने हळूच विचारलं, “मंग काय झालं त्या पाण्यानं?”

आता उत्तर देणं भाग होतं. मी सांगितलं की त्या घाण पाण्यानेच मांस टिकतं, साध्या पाण्यात पेशी फुगून फुटतात. सांगितलं की तिला एक खास औषध लागू पडेल की नाही हे त्या गाठीवरूनच कळणार होतं, आणि ती गाठ आता काही सांगत नाही. गाठ पूर्ण काढलेली असल्यामुळे पुन्हा तुकडा काढायचीही सोय नाही. माहिती नसताना ते औषध कुणी सुरू करणार नाही.

“समदं गेलं का?” त्याने विचारलं.

मी ‘हो’ म्हटलं तसा तो पायरीवर बसला. मला वाटलं रडेल, पण तो रडला नाही. आपल्या हातांकडे बघत बसला. मग म्हणाला, “मी आमच्या गावचा पाणी सोडणारा हाये. ग्रामपंचायतीत. नळ कवा सोडायचा, टँकर कुटं लावायचा, समदं माझ्याकडं. गावात माझ्याएवढं पाणी कुणाला कळत नाय, असं लोकं म्हनत्यात.” आणि थोड्या वेळाने, “तिला सांगू नका मॅडम.”

मला इतकं गलबलून आलं की मी आत निघून आले. चूक होती, आणि तीही प्रेमाने केलेली. अशा चुकीवर रागवायचं तरी कुणावर? करायला गेला गणपती आणि झाला मारुती, असं ताई पुटपुटल्या. मी त्यांच्यावरही खेकसले. पण खेकसतानाच मला ती छोटी बाटली आठवली.

काखेतल्या ग्रंथींची बाटली सर्जनने चिकटपट्टीने गच्च बांधली होती. ती पाझरली नाही, म्हणून नवऱ्याने ती उघडलीही नव्हती. खिशात ठेवून आणली होती. त्यातल्या एका ग्रंथीत कर्करोग पोचलेला मी पाहिला होता. अगदी लहान ठिपका. एरवी अशा ठिपक्याने माझं तोंड कडू होतं, कारण रोग गाठीबाहेर पडल्याची ती खूण. त्या दिवशी मात्र मला तो हवा होता. गाठीवर जे रिसेप्टर असतात ते बहुधा या ठिपक्यावरही असतात. अडचण एवढीच की ठिपका होता मोहरीएवढा, आणि ग्रंथी ज्या मेणाच्या ठोकळ्यात बसवलेली असते त्यातून पातळ काप घेताना प्रत्येक कापाबरोबर तो झिजणार होता. एकदा फसलं तर पुन्हा करायला काही उरेल याची खात्री नव्हती.

ताईंनी काप घेतले. असा हात मी पुन्हा पाहिला नाही. काप काचेवर चढले, काचा कुकरमध्ये गेल्या, शिट्टी झाली, वकिलांनी या वेळी काही विचारलं नाही. आणि ताईंनी नळ उघडला, तर नळातून नुसती हवा. इमारतीची टाकी कोरडी ठणठणीत. टँकर येणार होता, तो आलाच नव्हता. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा.

विकत आणलेलं डिस्टिल्ड पाणी रंगांची द्रावणं करण्यापुरतंच होतं. पुढच्या सगळ्या धुण्याला पाणी हवं होतं, आणि काम अर्ध्यात थांबवणं म्हणजे तो ठिपका हातचा घालवणं. ताई सवयीने म्हणाल्या, “मगभर हाये बादलीत. त्याच्यातच भागवते.”

“आज भागवायचं नाही,” मी म्हटलं. “आज पाण्याकडे बघायचं नाही.” आणि कोपऱ्यावरच्या जारवाल्याला फोन केला, असतील तितके जार पाठव म्हणून.

निळे जार इमारतीच्या दारात उतरले आणि जारवाला वर चढवायला कटकट करू लागला. लिफ्ट नव्हती. तेवढ्यात जिन्यावरून धपाधप पावलं आली. त्या बाईचा नवरा एक जार खांद्यावर घेऊन वर येत होता. जार ठेवला, खाली गेला, दुसरा आणला. शेवटचा जार ठेवताना त्याने निळ्या प्लॅस्टिकवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

“हेच पाणी मॅडम,” तो म्हणाला. “हेच भरलं व्हतं मी.”

त्याला हसावं की रडावं कळत नव्हतं आणि मलाही. मी त्याला सांगितलं, या वेळी पहिल्यांदाच न ओरडता, की पाणी वाईट नव्हतं. वेळ चुकली होती. आधी मांस घट्ट बांधून घ्यायचं, मग त्याच्यावर कितीही पाणी ओता, काही होत नाही. त्याने मान हलवली. “सिमेंटावानी,” तो म्हणाला. “आळल्याबिगर पाणी मारलं तर वाहून जातं.” मग पुन्हा जाऊन पायरीवर बसला.

ताईंनी त्या दिवशी स्लाइड अशा धुतल्या की खिडकीतून कुणी बघितलं असतं तर शिव्या घातल्या असत्या. पेशींना शेवटी देतो तो निळा रंग जारच्या पाण्यात नीट खुलेना, तर अमोनियाचा थेंब टाकून खुलवला. मी सूक्ष्मदर्शकाशी बसले. काच ठेवली आणि भिंग फिरवलं.

ठिपका होता. आणि ठिपक्यातल्या प्रत्येक पेशीभोवती गडद तपकिरी, अखंड कडं होतं. आजूबाजूची जागा स्वच्छ, डागाचा मागमूस नाही. ज्या रोगाची ही खूण आहे तो किती जोमाने वाढतो हे मला ठाऊक होतं, तरी मला आनंद झाला. अगदी खराखुरा आनंद. ताईंना मी खांद्याला धरून स्टुलावर बसवलं आणि म्हटलं, “बघा.” त्यांनी बघितलं आणि डोळ्याला पदर लावला. अमोनियाचा वास, दुसरं काय, असं म्हणाल्या.

मग मी नियम मोडून पायरीवर त्याच्याशेजारी जाऊन बसले. औषध मिळेल, तुमच्या सर्जनना मी आत्ताच फोन करते, असं सांगितलं. त्याने विचारलं, औषध करतं काय? मी जे रोज वाचते ते त्या दिवशी पहिल्यांदा कुणाला तरी सांगून पाहिलं.

“फुगडी बघितली आहे ना?” मी हात पुढे केले. “एकटीने घालता येत नाही. दोघींनी हात धरले की फुगडी सुरू. पेशीवरचे हे रिसेप्टर तसेच. एकटा असतो तोवर गप्प. दोघांनी हात धरले की आत निरोप जातो, वाढा. इतर रिसेप्टर हात आवरून असतात, बाहेरून खूण आली तरच पुढे करतात. हा एक मात्र कायम हात पुढे करूनच उभा. तुमच्या बायकोच्या गाठीवर अशांची गर्दी झाली आहे, त्यामुळे कुणी ना कुणी सापडतंच. औषध येतं ते याला पेशीच्या अंगाजवळ, मुळाशी धरतं. मग त्याला पहिल्यासारखं फिरता येत नाही, निरोप मंदावतो. आणि शरीरातले जे पहारेकरी आहेत, त्यांना कळतं की इथे काहीतरी पकडून ठेवलं आहे.”

“म्हंजी दोघींच्या मधी कुणीतरी जाऊन उभं ऱ्हायलं.”

“थोडंसं तसंच. दोघींच्या अगदी मध्ये, त्या हातावरच जाऊन बसणारं दुसरं औषधही आहे.”

“नळावर भांडणं लागली की मी ऱ्हातो उभा तसं,” तो म्हणाला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्या तोंडावर जरा हसू दिसलं.

मी त्याला सांगितलं ते ढोबळ होतं. आता त्या रिसेप्टरची फार बारीक चित्रं बघायला मिळतात. अतिशीत करून घेतलेली, एकेका रेणूची. अँटीबॉडी येऊन बसली की रिसेप्टर कुठे अडतो, कुठे थोडा वाकतो, त्याचा बाक कसा बदलतो, हे त्यात शोधतात आणि त्यावर भांडतातही. मी ती चित्रं बघते तेव्हा मला नेहमी वाटतं, केवढ्याशा जागी केवढं अवलंबून आहे. एखादी घडी जरा वळली की निरोप थांबतो. एखादी घडी विस्कटली की ओळखच पटत नाही. आणि मधे कुठेतरी सिल्लोडचा बसस्टँड आहे, तिथे एक माणूस बरणी घेऊन उभा आहे आणि विचार करतो आहे की तिच्या अंगातलं आहे ते, चांगल्या पाण्यात ठेवू.

बाईला केमोथेरपीसोबत ते औषध सुरू झालं. दर तीन आठवड्यांनी सलाइनमधून, जवळजवळ वर्षभर. मधूनमधून हृदयाची तपासणी. नवरा मला दिसेनासा झाला. पण काही महिन्यांनी त्यांच्याच बाजूची एक बरणी आली, आणि ताई ती हातात धरून हसत सुटल्या. झाकणाला चिकटपट्टीचे वेढे, त्यावर प्लॅस्टिकची पिशवी, त्यावर दोरी, त्यावर फडकं. आणणारा माणूस नाकाला रुमाल लावून उभा होता. म्हणाला, “लई वास येतो, पर वतलं नाय. आमच्या गावच्या भोंग्यावर रोज सांगत्यात, वतू नका म्हून.” ताईंनी ती बरणी उघडली तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि त्या म्हणाल्या, “मॅडम, डोळे मेलेले नाय माझे.”

मग एकदा सोयगावकडची ती बाई स्वतः आली. मी ओळखणार कसं? माझ्या ओळखीची तिची गाठ होती. केस नव्याने आलेले, लहान मुलासारखे, त्यावरून घट्ट पदर. म्हणाली, “औषध संपलं. हृदय बी बरं हाये म्हनले. मला माझी गाठ बघायची.”

असं कुणी कधी मागितलं नव्हतं. मी काच काढली, ताईंनी भिंग लावून दिलं. तिला आधी नुसता अंधारच दिसला, मग स्वतःच्याच पापण्या दिसल्या, मग एकदम ती स्थिर झाली.

“आळी केल्यात जणू,” ती म्हणाली. “झाडाच्या बुडाला पाणी धरायला करतो तशी. एक सुदीक झाड सोडलं नाय.” मग डोळा न काढता, “औषध ह्याच आळ्यात बसलं व्हय?”

“हो. त्याच कड्यावर.”

बराच वेळ ती बघत राहिली. मी तिला बोललेच नाही की ही काच गाठीची नाही, ग्रंथीची आहे. त्याने सांगू नका म्हटलं होतं. पण तिने मान वर केली आणि स्वतःच म्हणाली, “ही मोठ्या गाठीची नाय ना? मोठी तर पाण्यानं गेली.”

ताईंच्या हातातला ट्रे वाजला. मी विचारलं, “तुम्हाला कुणी सांगितलं?”

“भोंग्यानं,” ती म्हणाली. “दवाखान्यातून घरी आले त्याच्या दुसऱ्या आठवड्यात. मी नळावर हंडा लावून उभी. भोंग्यातून यांचा आवाज. आदी पाण्याची येळ सांगितली. मग म्हनले, दवाखान्यात मासाची बरणी देत्यात, तिच्यात घाण वासाचं पाणी आसतंय, ते वतू नका. आपल्या गावात एकानं वतलं आन् चांगलं पाणी भरलं. लई चुकलं त्याचं. एवढंच. नाव नाय घेतलं कुणाचं. पर गावात गाठ काढलेली बाई मी एकलीच.”

“मग?”

“मग काय? समद्या बाया माझ्याकडं बघाया लागल्या. मी हंडा भरला आन् घरी आले.”

“घरी काही बोलला नाहीत त्यांना?”

“काय बोलू? समद्या गावाला सांगितलं त्या माणसानं, मला तेवढं सांगता येईना त्याला.” ती हसली, पण डोळे भरून आले होते आणि तिने ते पुसले नाहीत. “तवापसून रोज सांगत्यात, पाण्याच्या येळेसंगट. मी रोज ऐकते. ते घरी आले की च्या देते. ते म्हनत्यात, बरं वाटतंय का? मी म्हनते, बरं वाटतंय.”

मी विचारलं, “तुमच्याबरोबर कोण आलंय?”

“तेच. खाली जिन्यात बसलेत. वर येत नाय म्हनले.”

ती स्टुलावरून उठली, पदर सारखा केला आणि दारात गेली. कठड्यावरून वाकून तिने खाली हाक मारली. आवाज खणखणीत होता, वकिलांनाही ऐकू गेला असेल.

“अवो, वर या. बघा येऊन. समदं नव्हतं गेलं.”

जिन्यावर चपलांचा आवाज येऊ लागला, पायरीपायरीला थांबत. ताईंनी दुसरं स्टूल ओढून भिंगाजवळ ठेवलं.